रविवारचा झूम वर्ग ओस का पडतो? खान्देशातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना लांबून मदत करायची असेल तर

प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे मूळचे पारोळा तालुक्यातले, आता पुण्यात आयटीत नोकरीला. चार मित्रांना सोबत घेऊन त्यांनी दिवाळीनंतर आपल्या गावातल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी दर रविवारी सकाळी अकराला झूमवर इंग्रजी आणि ॲप्टिट्यूडचा वर्ग सुरू केला. पहिल्या रविवारी पंचवीसेक मुलं होती, आता चार उरलीत, तीही कॅमेरा बंद करून बसतात. कोणतं ॲप वापरावं, कोणता अभ्यासक्रम घ्यावा, असं त्यांनी विचारलंय. शेवटी लिहिलंय, "मुलांनाच गरज वाटत नसेल तर आपण किती ओढायचं?"

मी अमळनेर-चोपडा भागात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते. निवृत्तीनंतर हेच काम फोनवरून करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेऊ. गरज वाटत नाही असं अजिबात नाही. दिवाळीनंतरचा रविवार म्हणजे पारोळा, धरणगाव, शिंदखेडा, सगळीकडे कापूस वेचणीचा दिवस. मजुरी किलोवर मिळते. आठवडाभर कॉलेजला जाणारी पोरं सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वेचायला जातात. दोन हात वाढले की संध्याकाळी काट्यावर तेवढं वजन जास्त भरतं. सकाळी अकराला ती कपाशीच्या सरीत असतात, आणि घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांच्या नाहीतर मोठ्या भावाच्या खिशात. तुमच्या वर्गात उरलेली चार मुलं कोणाची आहेत ते एकदा पाहा. माझा अंदाज असा की एखाद्याचे वडील शिक्षक असतील, एखाद्याचं गावात दुकान असेल. म्हणजे तुमच्यावाचूनही ज्यांचं फारसं अडलं नसतं, तीच टिकली. ज्यांच्यासाठी वर्ग काढला ती पहिल्या पंधरवड्यातच गळाली. वेळ बदला, मुलं परत येतील. पण परत आल्यावर त्यांना द्यायचं काय, हा खरा प्रश्न आहे.

तुमच्या पुण्यातल्या सोसायटीत बारावीची मुलगी असेल तर तिच्या घरी चहा पिताना कोणीतरी सहज विचारतं, "सीईटीचा फॉर्म भरला का? नॉन-क्रिमीलेअर काढलंत का?" (सीईटी म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा; नॉन-क्रिमीलेअर म्हणजे घर आरक्षणासाठीच्या उत्पन्नमर्यादेत बसतं असा दाखला.) त्या घरात कॉलेज पाहिलेली माणसं असतात. आपल्या गावातल्या मजुराच्या किंवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात असं विचारणारं कोणी नसतं. मुलगा हुशार असतो, मन लावून अभ्यास करतो, आणि एक कागद नाही म्हणून खुल्या गटातून जागा घेतो किंवा जागाच सोडतो. भौतिकशास्त्र शिकवणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत, बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. "तुझ्या व्हॅलिडिटीचं काय झालं रे?" असं, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राबद्दल, मंगळवारी संध्याकाळी आठवणीने विचारणारा माणूस मात्र कुठूनच उतरवून घेता येत नाही. तुम्ही तो माणूस व्हा. लांबून करता येण्यासारखं हेच सगळ्यात मोठं काम आहे, आणि ते साध्या फोनवर होतं.

आता हे सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. मूल विज्ञानाचं की कलेचं, कोणत्या प्रवर्गातलं, घरी राहतं की आश्रमशाळेच्या वसतिगृहात, घरचे ऊसतोडीला जातात का, यावर बरंच अवलंबून आहे. नंदुरबार जिल्ह्यातून दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. मूल मागे आजीजवळ राहिलं तर फोन आजीकडे आहे का, हे आधी विचारावं लागतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे काही पाड्यांवर रेंज एखाद्या ठरावीक टेकाडावरच येते. तिथल्या मुलाशी त्याने फोन करायचा, आपण नाही, असं ठरवावं लागतं. वसतिगृहातल्या मुलांकडे फोन नसतोच. गृहपालांशी बोलून त्यांच्या फोनवर वार ठरवून घ्यावा लागतो. तुमचं गाव पारोळ्याकडचं आहे, रेंजचा एवढा त्रास नसावा. पण कापूस आहेच.

तर सुरुवात अशी करा. एका माणसाकडे चार-पाच मुलं, त्यापेक्षा जास्त नकोत. तुम्ही पाच जण आहात, म्हणजे वीस-पंचवीस मुलं झाली; तुमचा पहिला रविवार होता तेवढीच. प्रत्येक मुलाला आठवड्यातून एक फोन, पंधरा-वीस मिनिटांचा, ठरलेल्या वारी, रात्री साडेआठच्या पुढे. तोवर जेवणं होतात आणि फोन घरी आलेला असतो. व्हिडिओ नको. साधा कॉल लावला की डेटा संपल्याचं निमित्त उरत नाही, आणि मागे घर कसंय ते दाखवावं लागत नाही म्हणून मूल मोकळं बोलतं. कॅमेरा बंद असण्याचं अर्धं कारण तेच असतं. व्हॉट्सॲप ग्रुप असू द्या, पण तारखा कळवण्यापुरता. ग्रुपवर "समजलं का?" विचारलं की पंचवीस अंगठे येतात. तोच प्रश्न फोनवर विचारला की जरा वेळाने ऐकू येतं, "मॅडम, माले हाई समजनं नही." अहिराणी येत असेल तर बिनधास्त अहिराणीत बोला. पहिल्या दोन-तीन फोनांत मूल प्रमाण मराठी शोधत बसलं तर खरी अडचण सांगायची राहून जाते.

मुलगी असेल तर पहिला फोन तिला करू नका, तिच्या आईला करा. कोण, कुठून, कशासाठी, गावात कोणाला ओळखता, हे सगळं आईला सांगा आणि नंतरचे फोन स्पीकरवरच असू द्या. पुण्याहून एक तरुण मुलगा रात्री साडेआठला मुलीला फोन करतोय, याचा गावात काय अर्थ निघतो हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या गटात एखादी बाई असेल तर मुली तिच्याकडे द्या. नसेल तर आधी ती शोधा.

यानंतर एक काम बसून करा. एका कागदावर दोन कॅलेंडरं शेजारीशेजारी लिहा. एकात परीक्षा आणि प्रवेश, दुसऱ्यात आपलं खान्देशी वर्ष. ऑक्टोबर ते जानेवारी वेचणी, आणि याच सुमारास जेईईचे (इंजिनिअरिंगची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा), पाठोपाठ सीईटीचे फॉर्म. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. एप्रिल-मे सीईटी आणि 'नीट' (मेडिकलची प्रवेश परीक्षा), आणि नेमकी तेव्हाच आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आणि लग्नसराई. लेकीबाळी माहेरी येतात, घर भरलेलं असतं, पोरगी स्वयंपाकघरात अडकते. मेमध्ये निकाल. जून ते ऑगस्ट प्रवेशफेऱ्या, त्याच दिवसांत पेरणी-निंदणी, आणि श्रावणात कानबाई देवीचा सण. कानबाईच्या रविवारी अख्खं भाऊबंद गावात जमतं. त्याच्या आसपास कॉलेजात हजर व्हायची शेवटची तारीख आली तर "दोन दिवसांनी जाऊ" असं घरातलं मोठं माणूस म्हणणारच. हे आधी ठाऊक असलं तर पंधरा दिवस आधी वडिलांशी बोलता येतं. ऐनवेळी बोलून उपयोग नसतो.

आता कागद. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मुलं सगळ्यात जास्त इथंच अडकतात.

पहिलं नाव. आधार, शाळेचा दाखला आणि दहावीची गुणपत्रिका समोर ठेवून मुलालाच फोनवर अक्षर न् अक्षर वाचायला सांगा. एकात वडिलांच्या नावापुढे "भाऊ" असतं, दुसऱ्यात नसतं; आईचं नाव एकीकडे सुमनबाई, दुसरीकडे सुमन; जन्मतारखेत एखाद्या दिवसाचा फरक. मूल शाळेत असेपर्यंत दाखल्यातली दुरुस्ती त्यातल्या त्यात सोपी असते. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती म्हणजे खेटे. म्हणून हे अकरावीत करायचं काम आहे, निकालानंतरचं नाही.

दुसरं जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं पडताळणी समितीचं प्रमाणपत्र; सगळे म्हणतात ती व्हॅलिडिटी. राखीव प्रवर्गातून इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, कृषी अशा अभ्यासक्रमांना जायचं असेल तर ती लागतेच. विज्ञानाच्या मुलांचा प्रस्ताव कॉलेजमार्फत अकरावी-बारावीतच जातो, पण "कॉलेजने पाठवला असेल" यावर कधीही थांबू नका. टोकन क्रमांक मुलाच्या वहीत आला की मगच प्रस्ताव गेला असं समजा. वेळ जातो तो पुराव्यांत. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे दाखवावे लागतात. मुलाच्या हातात असतो फक्त स्वतःचा आणि वडिलांचा दाखला. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? मग तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ मधली, आजोबा-पणजोबांच्या जन्म-मृत्यूची नोंद काढायची. आत्या किंवा चुलत आजोबा शिकलेले असतील तर त्यांच्या शाळेच्या नोंदवहीचा उतारा चालतो, मात्र वंशावळीत त्यांचं नाव जुळलं पाहिजे. सख्ख्या चुलत्याला आधीच वैधता मिळालेली असेल तर काम बरंच हलकं होतं, आणि गंमत म्हणजे हे मुलांना माहीतच नसतं. भाऊबंदकीत बोलणं बंद असतं ना! अशा वेळी बाहेरच्या माणसाचा एक फोन कामाला येतो. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते आणि तिथं जास्त वेळ लागतो. टोकरे कोळी, ठाकूर अशा घरांतल्या दाव्यांची तपासणी फार खोलात जाते, काही प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. असं मूल तुमच्याकडे असेल तर अकरावीच्या पहिल्याच महिन्यात हात घाला.

तिसरं उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर. या दोन्हींची मुदत ३१ मार्चला संपते, आणि इथं मुलं दरवर्षी फसतात. कोणीतरी सांगतं म्हणून फेब्रुवारीत दाखला काढतात, जूनमध्ये पोर्टलवर चढवतात आणि तो बाद होतो. उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर, नव्या आर्थिक वर्षात काढायचा. नॉन-क्रिमीलेअर तीन वर्षांचं मिळत असेल तर तेच मागायचं. ते ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास, म्हणजे मराठा आरक्षणाचा गट) यांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना लागत नाही, तरी सेतू केंद्रावर कोणी "काढून घ्या, लागतं" म्हणालं की लोक पैसे मोजून मोकळे होतात.

चौथं मोबाइल नंबर, ईमेल आणि बँक खातं. मूल सायबर कॅफेत फॉर्म भरायला जातं, कॅफेवाला घाईत स्वतःचाच ईमेल आणि नंबर टाकतो. पुढे ओटीपी त्याच्याकडे जातो आणि जुलैत, फेरीच्या शेवटच्या दिवशी, तो कुठल्यातरी लग्नाला नाहीतर पंढरपूरला. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झालाय, म्हणजे ही गाठ आता दहावीनंतरच पडते. पहिल्याच महिन्यात फोनवर बोलत बोलत मुलाकडून त्याचा स्वतःचा ईमेल उघडून घ्या. पासवर्ड तुम्ही ठेवून घेऊ नका. एका वहीत लिहायला लावा आणि ती वही रेशनकार्ड जिथं असतं तिथं ठेवायला सांगा. सीईटीचा अर्ज क्रमांक, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचं युजरनेम, सगळं त्याच वहीत.

बँकेचं दुखणं आणखी वेगळं. महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यात येते, आणि जोडलेलं म्हणजे सगळ्यात शेवटी जोडलेलं. मुलाने राष्ट्रीयीकृत बँकेत खातं काढलेलं असतं, पासबुकही अर्जासोबत दिलेलं असतं. मग बाजारच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात कोणीतरी अंगठा घेऊन दुसरं खातं उघडून देतं, आधार तिकडे वळतं आणि पैसे तिकडे जातात. वर्षभर मूल पासबुक भरून आणतं आणि सांगतं, "आली नाही." आधार कोणत्या बँकेला जोडलंय हे आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसतं. दर सहा महिन्यांनी बघायला सांगा.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल की यात शिकवणं कुठंय. येतंय. त्याआधी पसंतीक्रमाचं, म्हणजे प्रवेशाच्या अर्जात कॉलेजं कोणत्या क्रमाने लिहायची त्याचं, सांगते, कारण चांगले पर्सेंटाइल (इतरांच्या तुलनेतले गुण) मिळवूनही मुलं तिथं हरतात.

यावल तालुक्यातली एक मुलगी, वडील केळीच्या गाड्या भरायला जाणारे. सीईटीत चांगले पर्सेंटाइल होते. कॅफेत पाठीमागे रांग लागलेली. कॅफेवाल्याने "जवळचं आधी टाकू, तिथं नक्की लागेल" म्हणून घराजवळचं, कमी कटऑफचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं. तिला वाटलं, पहिलं म्हणजे नुसतं यादीत पहिलं, पुढे बघू. पहिल्या फेरीत तेच लागलं. पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद होतं. तिच्याच यादीत अकराव्या क्रमांकावर जळगावचं शासकीय अभियांत्रिकी होतं, आणि त्या वर्षी तिच्या प्रवर्गाचा तिथला कटऑफ तिच्या खाली आला होता. अलीकडे हा नियम पुढच्या फेऱ्यांत पहिल्या काही पसंतीक्रमांपर्यंत वाढवलाय, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय कोणालाही सल्ला देऊ नका, अगदी तुमचा स्वतःचा प्रवेश याच पद्धतीने झालेला असला तरी.

म्हणून यादी कॅफेत करायची नाही. आदल्या आठवड्यात दोन रात्री फोनवर बसायचं. तुमच्यासमोर संगणकावर गेल्या वर्षीचे कटऑफ, मुलासमोर वही. सर्वांत हवंसं वर, मग उतरत्या क्रमाने. "मिळेल का" हा विचार क्रम लावताना करायचा नाही. खाली सुरक्षित पर्याय पुरेसे ठेवले की झालं. इंजिनिअरिंगच्या अर्जात तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात, मुलं सात-आठ टाकून थांबतात. मुलाने वहीतल्या पानाचा फोटो पाठवायचा, कॅफेत त्या वहीवरून भरायचं, पक्कं करण्याआधी छापील प्रत काढून तुम्हाला पाठवायची, आणि तुम्ही "हो" म्हटल्यावरच शेवटचं बटण. त्या दिवशी तुम्ही ऑफिसातून अर्धा तास काढून फोनवर हजर असलंच पाहिजे. वर्षभरात एकच मीटिंग बुडवायची असेल तर ती या दिवशी बुडवा.

निकालानंतर आणखी एका जमातीचे फोन सुरू होतात, एजंटांचे. बंगलोरला नर्सिंग, फी नाही, राहणं फुकट. मूळ दाखला आणि गुणपत्रिका एकदा त्यांच्या हातात गेली की परत मिळवायला पैसे मोजावे लागतात. मूळ कागद कॉलेजच्या खिडकीशिवाय कुठेही द्यायचे नाहीत, हे प्रत्येक घरी दोनदा सांगा. मुलाला एकदा आणि वडिलांना एकदा.

आता शिकवणं. ॲप्टिट्यूड सोडून द्या, अकरावीत त्याचा काही उपयोग नाही. इंग्रजी घ्या, पण तुमच्या डोक्यात आहे तसं नको. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल अकरावी विज्ञानाला येतं आणि पुस्तक एकदम इंग्रजीत. त्याला संवेग येतो, त्वरण येतं, अपवर्तन येतं. मोमेंटम, ॲक्सिलरेशन, रिफ्रॅक्शन म्हणजे तेच, हे कोणी सांगितलेलं नसतं. आपल्याला काहीच येत नाही असं समजून ते दिवाळीपर्यंत गप्प होतं. नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकावरून आणि अकरावीच्या पुस्तकावरून दोन रकान्यांची वही करून घ्या. मग दर आठवड्याला एक कल्पना दोन मिनिटांच्या व्हॉइस नोटमध्ये, मराठीत किंवा अहिराणीत, पण शास्त्रीय शब्द इंग्रजी ठेवून समजावून सांगायला लावा. ते ऐकायला तुम्हाला बसमध्येही वेळ मिळेल, आणि कुठं घोडं अडलंय ते लगेच कळेल. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांना वहीची गरज कमी, व्हॉइस नोटची तितकीच. त्या जोडीला पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचून पाठवायचा. व्याकरण नंतर.

इंजिनिअरिंगच्या सीईटीबद्दल मुलांना तीन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात, आणि त्या बहुतेकांना नसतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न सोडायचा नाही. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, भौतिक आणि रसायनचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे, म्हणजे गणित टाकून चालत नाही. आणि अकरावीचा भाग साधारण २० टक्के, बारावीचा ८०. शिवाय बोर्डाकडे दुर्लक्ष नको: इंजिनिअरिंगला बारावीत पीसीएमला (भौतिक, रसायन, गणित) खुल्या गटात ४५ टक्के आणि राखीव गटात ४० टक्के लागतात. क्लासवाले पर्सेंटाइलचं सांगतात, हे सांगत नाहीत.

आणि माउस. हसू नका. परीक्षा संगणकावर होते आणि आपल्या कितीतरी मुलांनी आयुष्यात माउस धरलेला नसतो; बोट फिरवायची सवय. पहिली दहा मिनिटं बाण कुठं गेला ते शोधण्यात जातात. गावच्या शाळेत संगणक कक्ष असेल, सेतू केंद्रावर दुपारी गर्दी नसते, तालुक्याला एमएससीआयटीचं केंद्र असतं. तिथं मार्चपासून आठवड्याला एक तास सराव परीक्षा माउसने सोडवायची. तासाचे पैसे तुम्ही द्या. झूमच्या वर्गणीपेक्षा ते नक्की जास्त उपयोगी पडतील. परीक्षा सकाळच्या सत्रात असेल तर आदल्या रात्रीच्या मुक्कामाचंही बघून ठेवा. आईला सोबत न्यायचं झालं तर २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे.

कला-वाणिज्यच्या मुलांकडे सगळे पाठ फिरवतात, तुम्ही फिरवू नका. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी त्यांना देता येते. २०२४ पासून बीबीए-बीसीएलाही सीईटी लागते, आणि ते न कळल्याने पहिल्या वर्षी आपल्याकडची बरीच मुलं बाहेर राहिली. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आहे. विज्ञानाच्या मुलांना तर डॉक्टर, इंजिनिअर आणि पोलीस भरती याखेरीज काही दिसत नाही. धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे, तिथला बीएस्सी ॲग्री हा शेतकऱ्याच्या पोराला सहज पटणारा रस्ता आहे. आणि आपल्या विद्यापीठाच्या, म्हणजे जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या एखाद्या चांगल्या कॉलेजात साधी बीएस्सी करणं हा पराभव नाही, हेही सांगायला कोणीतरी लागतं.

पैशाचं बोलणं मुलाशी करू नका, घरच्यांशी करा, आणि निकालाआधी करा. अनुसूचित जाती-जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत, म्हणजे सरकारी सामायिक, फेरीतून प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही शेवटची गोष्ट मी वडिलांना सांगते तेव्हा शासन निर्णयाची प्रत पाठवते आणि गावातल्या कोणाकडून तरी ती मोठ्याने वाचून घ्यायला सांगते. नुसतं ऐकलेलं ते मानत नाहीत, छापलेलं मानतात. मुलगी बारावीनंतर थांबवायची की नाही हे आखाजीच्या आसपास, स्थळं बघायला सुरुवात झाली की ठरतं, तेव्हा हा कागद त्याच्या आधी घरात पोचला पाहिजे. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, कॉलेजच्या प्रवेशाबरोबर तो आपोआप होत नाही. आदिवासी मुलांनी यावल, धुळे, नंदुरबार किंवा तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं संकेतस्थळ जूनपासून बघत राहायचं. तिथं जागा मिळाली नाही तर खोली-मेससाठी आदिवासी मुलांना स्वयम, अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे.

तुम्ही पाचही जण पुण्यात आहात, आणि हे सगळं शंभर टक्के लांबून होत नाही. गावात एक माणूस लागतोच. अभिलेख कक्षात कोतवाल बुक काढायला, कॅफेत शेजारी उभं राहायला. तरुण शिक्षक, ग्रंथपाल, पदवी घेऊन गावातच राहिलेली एखादी सून, कोणीही. सरपंच शक्यतो नको. पुढच्या निवडणुकीत तुमची अर्धी मुलं दुसऱ्या गटाची ठरतील. असा माणूस मिळाला नाही तर यंदा दहाच मुलं घ्या.

ॲपचं विचारलं होतं. कोणतंही नको. रविवारचा वर्ग ठेवायचाच असेल तर आत्ता बंद ठेवा आणि बोर्डाची परीक्षा संपल्यावर, वेचणी उरकलेली असताना, रात्री आठला सीईटीच्या सरावासाठी सुरू करा. तोपर्यंत फोन आणि कागद. मुलांना रिचार्ज करून द्यावा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. दरमहा सगळ्यांना देऊ नका, नाहीतर मुलं रिचार्जसाठी तुमच्याशी जोडलेली राहतात. ज्या नंबरला त्या मुलाचं आधार, बँक आणि सीईटीचा अर्ज जोडलाय तो नंबर मात्र जून ते सप्टेंबर बंद पडता कामा नये. तो वडिलांच्या जुन्या साध्या फोनमध्ये असला तरी त्याच नंबरवर रिचार्ज मारा.